न कळलेली खूण

१२ मार्च, दुपार

ती. ताईस नमस्कार,

मी बरा आहे. आईही बरी आहे. तुझा फोन दाजी तपासतात, म्हणून हा कागद लाँड्रीवाल्याकडे दिला. वाचून फाडून टाक.

बातमी अशी की आज समितीत मारामारी झाली. तिथले माझे टायपिंगचे काम दाजींच्याच शब्दावर लागलेले. चिप कशी हवी ते इंजिनियर एका भाषेत लिहितात आणि दाजींच्या कंपनीचे सॉफ्टवेअर त्यावरून सर्किट तयार करते. एकसारखे दोन भाग दिसले की जागा वाचवायला ते एक उडवते. पण कधी कधी दुसरा भाग मुद्दाम घातलेला असतो. मग त्याला खूण करायची, की हा ठेवा. प्रत्येक कंपनीची खूण निराळी, म्हणून सगळ्यांसाठी एकच ठरवायला ही समिती.

खूण ठरली. पण सॉफ्टवेअरला एखादी खूण कळलीच नाही, तर त्याने काय करायचे? दाजी म्हणाले, "गप्प पुढे जायचे. दर वेळी थांबून बोंबलत बसले तर गिऱ्हाईक पळेल."

समोर चष्मेवाला होता, पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनच्या कारखान्याचा डिझायनर. मागे त्याच्या एका सर्किटात कामगाराच्या हातांवर लक्ष ठेवणारे एकसारखे दोन भाग होते, दोन पहारेकरीच म्हण. एक बिघडला तर दुसऱ्याने प्रेस अडवायची. त्याने सवयीने दुसऱ्या कंपनीची खूण लिहिली. दाजींच्या सॉफ्टवेअरला ती कळली नाही आणि त्याने अवाक्षर न काढता दुसरा पहारेकरी उडवला. पहिला बिघडला तेव्हा कामगाराचे दोन्ही हात प्रेसखाली होते. चष्मेवाल्याने फोटो टेबलावर ठेवला. मनगटांपुढे काही नव्हते, ताई. जे होते ते पत्र्याला चिकटले होते.

"स्वतःची चूक माझ्या गळ्यात घालतोस?" दाजी म्हणाले.

"चूक माझीच. पण खूण कळली नाही, एवढी एक ओळ तुमच्या सॉफ्टवेअरने दाखवली असती तर..."

दाजींनी पाण्याचा जग त्याच्या तोंडावर हाणला. काच फुटली तरी थांबले नाहीत. केस धरून त्याचे तोंड टेबलावर आपटत राहिले. दात माझ्या कीबोर्डवर येऊन पडले. "अहो, मरेल तो!" अध्यक्षबाई किंचाळल्या. मी मधे गेलो, तर कानाखाली अशी बसली की अजून शिट्टी वाजते आहे. शेवटी शिपायाने आणि मी त्यांना खाली पाडले.

एक लिहू की नको, असे चालले होते. लिहितो. आपटताना दाजी सारखे म्हणत होते, "हळू रड. शेजारी ऐकतील."

समितीच्या खोलीला शेजार नाही. पलीकडे जिना आहे.

मागे तू गळ्याला रुमाल गुंडाळून आलीस. घसा धरलाय म्हणालीस. पाणी पिताना रुमाल सरकला, तेव्हा बोटांचे वळ मी पाहिले.

चष्मेवाला शुद्धीवर नाही. बाईंनी त्याला अॅम्ब्युलन्समध्ये घातल्यावर उरलेल्यांना बसवून मत घेतले : खूण कळली नाही तर थांबायचे आणि मोठ्याने सांगायचे. मी ते टाइप केले. दाजींची नोकरी गेली. ते पोलिसांकडे आहेत, पण वकील पोचला आहे. संध्याकाळपर्यंत सुटतील आणि घरी येतील. घरात तू आहेस.

बाईंनी आपली गाडी दिली आहे. मागच्या गल्लीत, औषधाच्या दुकानापाशी मी तिच्यात बसलो आहे. वर आलो तर तुझ्या सासूबाई पहिला फोन दाजींना करतील. म्हणून तूच नीघ. पिल्लूला कडेवर घे, फिरवून आणते म्हण. बॅग घेऊ नकोस. गॅस बंद कर आणि चपला घाल. आई काय म्हणेल, लोक काय म्हणतील, ते गाडीत भांडू. तुला भांडायचेच असेल तर मी आईची बाजू घेतो, पण खाली ये.

आली नाहीस तर मी वर येणार आहे, आणि मला मारामारी येत नाही हे आज सगळ्यांनी पाहिले.

गाडीचे दार उघडे धरून बसलेला,
तुझा धाकटा