निळ्या गाडीची किल्ली शोधू नका

अहो,

आज आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, हे तुम्ही साफ विसरलात. माझी गाडी तुम्ही स्वस्तात आणलेल्या तीन जुन्या खटाऱ्यांमागे अडकलीये आणि त्यातला एकही सुरू होत नाही. म्हणून फाटकापाशी उभी असलेली तुमची लाडकी निळी नेतेय. हो, तीच. वीस वर्षांनी सोन्याच्या भावाने विकायची म्हणून जिला तुम्ही रस्ताही दाखवत नाही.

सीटवरचं प्लॅस्टिक मी फाडून टाकलं, आई घसरत होत्या. आता मांडीवर पर्स घेऊन ऐटीत बसल्यात. मला म्हणाल्या, "लेकाच्या गाडीत पहिल्यांदाच बसतेय गं."

मीटर पुढे सरकला म्हणून संध्याकाळी माझं डोकं खाऊ नका. जातानाच त्यांना लांबच्या रस्त्याने नेणार आहे. येताना डोळ्यावर पट्टी असेल.