हाती न लागणारं मुंगूस

आई, आपल्या राळेगावच्या वावरातलं ते मुंगूस मी गेममध्ये घातलंय, आणि त्यावरून इथं भांडण पेटलंय. गेम म्हणजे मोबाइलवरचा खेळ. रानात फिरायचं, जाळं टाकून अजब प्राणी पकडायचे, जमवायचे. काही प्राणी क्वचितच समोर येतात. ते कुठं, कधी, कसे यावेत हे ठरवणं माझं काम. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं, सरांशी कडाक्याचं वाजलं म्हणून. तू असतीस तर कानाखाली दिली असतीस. आता यवतमाळात बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत मी आणि कॉलेजातली एक मैत्रीण, आम्ही दोघं काम करतो. प्राण्यांची चित्रं ती काढते.

तू गेलीस त्याच्या आधीचं साल. पऱ्हाटीची बोंडं अळीनं पोखरलेली, आणि तू कापसाच्या पहिल्या वेच्याआधी सीतादहीची पूजा करायला निघालेली. बाबा धुऱ्यावरून ओरडतात, "कापूस हाये कोठी, अन् तुले पूजा सुचून राह्यली!" तू मान वर न करता म्हणतेस, "जेवढा हाये तेवढ्याची करतो." झाडापाशी दहीभात ठेवून आपण बसतो. तेवढ्यात पऱ्हाटीतून मुंगूस येतं, मानेवर पांढरा पट्टा असलेलं. मी वेचणीची ओटी पसरून झेप घेणार, तर तू मनगट धरतेस. "ठेव ते खाली. भेटाले आलं ते. धरून कोठी नेतं त्याले?" मी ओटी ठेवतो. मुंगूस भात हुंगतं, आपल्याकडे बघतं, जातं.

गेममध्येही तसंच केलंय. पहिल्या वेच्याच्या दिवशी जाळं खाली ठेवून बसलं तरच ते येतं. जाळं उचललं की पसार. ज्यांना गेम विकायचाय त्या पुण्याच्या कंपनीनं कळवलं, पकडता येऊ द्या, नाहीतर गेम घेणार नाही. मैत्रीणही तापली. "अबे, जमवायच्या खेळात जमतच नाही असा प्राणी? लोक शिव्या देतील."

"देऊ दे."

"माझीबी मेहनत हाये त्यात, येड्या! तू कायले एवढा अडून बसला?"

मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला, तो तिनंच पुसला, मला आणखी दोन शब्द सुनावत. मग म्हणालो, आधी खेळून तर पाहा. आज दुपारी ती खेळली. जाळं ठेवलं. मुंगूस आलं. तिची बोटं जाळ्याकडे जायची, थबकायची, मागे यायची. मी स्क्रीन सोडून तिची बोटंच बघत होतो. ते निघून गेल्यावर ती बराच वेळ रिकाम्या पऱ्हाटीकडे बघत राहिली. "त्याचे कान जरा मोठे झाले माझ्याकडून," एवढंच बोलली. तिनं कान बारीक केले आणि आम्ही गेम होता तसाच पाठवला. कंपनी नाही म्हणाली तर दुसरं दार वाजवू, तेही बंद निघालं तर तिसरं. मुंगूस पकडू देणार नाही म्हणजे नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तुला तर वाचताही येत नव्हतं. मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं असतं. पण ती अजून शेजारच्या खुर्चीत बसलीय. कंपनीशी भिडायला निघालेला तुझा पोरगा, ती आवडते हे तिच्या देखत तुलाही सांगू शकत नाही.