तळ्याचा रिकामा काठ

१९ एप्रिल १९५१

माझ्या ईझलचा एक पाय पळवला! तेहतीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये चित्रकला शिकवली, कधी माझी पेन्सिल गेली नाही. आज डमडमच्या तळ्यावर पाणी प्यायला पाठ वळवली, तेवढ्यात पाय गायब.

कारण घरी धाकट्या भावाने सांगितलं. पलीकडच्या काठावर पूर्व बंगालातून आलेल्यांच्या चौदा झोपड्या आहेत. जमीन रायबाबूंची, ते कोर्टात जायच्या बेतात आहेत. मी एक डोळा मिटून, ब्रश हातभर पुढे धरून मापं घेते. लोकांना वाटलं, जमीन मोजायला सरकारी बाई आली. ‘ताई, तीन पायांचं यंत्र आणि डोक्यावर साहेबी सोला हॅट. मलाही तेच वाटलं असतं,’ म्हणाला दत्तात्रय. मोठा शहाणा!

२१ एप्रिल

तिसऱ्या पायाच्या जागी दत्तात्रयची छत्री बांधली आणि पुन्हा गेले. दहाला ऊन, अकराला ढग, बाराला परत ऊन. पाणी हिरवं होतं ते शिशासारखं झालं, मग नुसतं पांढरं. दोन कागद फाडले. पलीकडे बायका ओळीने उभ्या राहून बघत होत्या. ब्रश उचलला की त्यांच्या माना ताठ.

प्रदर्शनाला चित्र द्यायची मुदत तीस तारखेपर्यंत. चित्रकारांचं मंडळ सात वर्षं माझी चित्रं परत पाठवतंय. या खेपेला ते पाठवून बघूच देत.

२६ एप्रिल

चित्र जवळजवळ झालं होतं. तीन वाजता वायव्येकडून आभाळ काळं झालं आणि पाच मिनिटांत वादळ अंगावर! छत्री उडाली, ईझल आडवं. कागद छातीशी धरून मी तळ्याला वळसा घालून पळते आहे, तर एका बाईने दंड धरून मला झोपडीत ओढलं. नाव सरला. छपराला चार ठिकाणी गळती. कोरडा कोपरा एकच, तिथे तांदळाचं मडकं. तिने मडकं हलवलं आणि तिथे माझं चित्र टेकवलं. तांदूळ भिजले.

मग ती चित्राकडे बराच वेळ बघत राहिली. मला मावशी म्हणून विचारलं, ‘माशीमा, आमची घरं कुठं आहेत?’

मी सांगितलं, चित्राला जे नको ते गाळायचं असतं. कॉन्व्हेंटच्या सिस्टर ॲग्नेसने आम्हाला तसंच शिकवलं. काठ मोकळा असला की पाणी दिसतं. तिने मान डोलावली. निघताना ईझलचा पाय हातात आणून दिला.

२७ एप्रिल

चित्र पुरं. कोपऱ्यात सही, जागा, तारीख. हीही सिस्टरचीच शिस्त – तारीख खरीच घालायची.

५ मे

प्रदर्शनात चित्र लागलं! जिन्याखाली नाही, एस्प्लनेडच्या हॉलमध्ये, अगदी दारासमोर. रायबाबू मंडळाचे उपाध्यक्ष निघाले. स्वतः चहा आणून दिला आणि विचारत राहिले. जागेवर बसूनच काढलं ना? तारीख खरी ना? समोरचा सगळा काठ दिसत होता ना? मी तोऱ्यात सांगितलं, हो, हो आणि हो.

(मागाहून लिहिलेलं: मूर्ख बाई मी.)

९ मे

रायबाबूंचा कारकून टाइप केलेला कागद घेऊन आला. सत्तावीस एप्रिलला पलीकडचा काठ रिकामा होता, असं मी लिहून द्यायचं. झोपडीवाले म्हणतात, वर्षापासून राहतोय. रायबाबू आता कोर्टात म्हणतात, मे महिन्यात रातोरात घुसले; जुन्या झोपड्या कोर्ट सहजी हलवत नाही. मी म्हटलं, झोपड्या होत्या, मी गाळल्या. तो हसला.

‘ते आपण चित्रात कुठं लिहिलंय?’

कागदावर माझी सही नसली तरी चालेल म्हणे. चित्र मंडळाच्या ताब्यात आहे, चौदा तारखेला सकाळी वकिलाकडे जाईल. कॉन्व्हेंटची शिक्षिका, कुणाच्या अध्यात ना मध्यात, कोर्ट मानेल. आणि पुढच्या वर्षी अख्खा हॉल माझ्या एकटीच्या चित्रांना.

त्याला चहा विचारला नाही.

१० मे

मंडळात गेले. प्रदर्शन संपेपर्यंत चित्र परत मिळत नाही, नियम आहे. सात वर्षं परत पाठवताना कसला नियम नव्हता! दत्तात्रय म्हणतो, ‘ताई, तू यात पडू नकोस.’ पडलेच आहे. खड्डा मीच खणलाय.

११ मे

चित्र बघायला गेले. पाणी खरंच सुरेख उतरलंय. आयुष्यात याहून चांगलं काढलं नाही.

१३ मे

हॉल उघडताच गेले. रंगपेटी, ब्रश, पाण्याची बाटली. चौकटीचे खिळे सोबत आलेल्या दत्तात्रयने उपटले – मी न सांगता. सरलाच्या झोपडीपासून सुरुवात केली. चौदाही घातल्या. झोपड्यांचा रंग तळ्याच्या पाण्यात ओघळला, चित्र बिघडलं. तारखेला हात लावला नाही – सत्तावीस एप्रिल.