फुकटचं सरपण

५ जानेवारी
मी बोलते, नात लिहिते. डॉक्टरीणबाईंनी तिला बाळंतपणापर्यंत पलंगावरून उठायचं नाही असं बजावलंय, म्हणून मला बोलावणं आलं. पडल्या पडल्या ती छताकडे बघत बसते, म्हणून मी हातात वही दिली. मला अक्षरओळख नाही, पण लबाडी बरोबर कळते, हे तिनं ध्यानात ठेवावं. घर छान आहे. दोन खोल्या, लोखंडी शेगडी, तिचं धुराडं छपरातून वर. नातजावई कामावर परगावी, महिनाअखेरीस येतील. पोरीला सातवा महिना लागलाय. बाळ सारख्या लाथा मारतं. बापावर गेलंय म्हटलं, तर हे लिहिणार नाही म्हणाली. लिहायला लावलं.

८ जानेवारी
गल्लीच्या टोकाला रेल्वेच्या रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांचा ढीग सापडला. काळेकुट्ट, डांबराच्या वासाचे. राखण कुणाची नाही. वर एक पाटी ठोकलीय, मालकाचं नाव असणार. काडी लावली की तूप ओतल्यासारखं पेटतं. पोरीची खोली ऊबदार झाली. शेजारणींनाही सांगून आले. एवढी अक्कल एकटीनं कशाला ठेवायची.

१४ जानेवारी
साधी काजळी फुंकली की उडते. ही चिकटते. खिडकीच्या चौकटीवर, दुधाच्या पातेल्यावर, पोरीच्या उशीवर. फडकं पिळलं की पाण्यावर तेलासारखे रंग फिरतात. नात खोकतेय. गारठा बाधला म्हटलं, आणि शेगडीत आणखी दोन तुकडे सारले.

१९ जानेवारी
बारीक ढलप्या संपल्या म्हणून ती पाटीच उचकटून आणली. अर्धी पेटल्यावर नातीचं लक्ष गेलं. बाहेर ओढ म्हणून ओरडली. उरलेलं तिनं वाचून दाखवलं. जाळू नये. धूर विषारी. गर्भवतींनी— पुढचं शेगडीत गेलं होतं.
चालणारीला वाचता येत नाही, वाचणारीला चालायची बंदी. अशी आमची जोडी. शेगडीत बादलीभर पाणी ओतलं.

२१ जानेवारी
शेगडी दोन दिवस गार. खिडक्यांच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबल्यात. तरी उशी काळी.
दार उघडून वर पाहिलं. गल्लीतलं एकूण एक धुराडं. सगळीकडून तोच वास.
मीच सांगितलं होतं.

२२ जानेवारी
दारोदार फिरले. विझवा म्हटलं. एक म्हणाली, आता ढीग एकट्या तुम्हालाच हवा का आजी. दुसरीनं हसून चहा पुढे केला. तिच्या कडेवरच्या पोराच्या नाकपुड्या—
डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दवाखान्याची गाडी उद्या सकाळी.

२३ जानेवारी
माझी थुंकी काळी. तिचीही. हे ती लिहीत नव्हती. लिही म्हटलं.
गाडी अजून—
बाळ कधी हललं विचारलं. काल संध्याकाळी म्हणाली. मग म्हणाली, दुपारी असेल.

२३, दहा वाजता
साखरपाणी पाजलं. कुशीवर वळवलं. पोटावर दोन्ही हात ठेवून बसलेय. तूच लिहिती राहा पोरी, म्हणजे रडणार नाहीस. काही नाही अजून. झोपलं असेल. बापावर गेलंय ना, हाका मारल्याशिवाय—
थांब. इथे. नाही, ते माझंच बोट थरथरलं.
गाडी गल्लीत शिरली. ऐक, पेन ठेव आता, माझा हात धर, आणि गाडीत बसेपर्यंत श्वास रोखून—