भाजलेल्या रव्याचं वाळवंट

नाशिक, रविवार, मे २००३

वाळवंटातली फौज एकदाची तयार झाली. शाडूचे उंट, पाठीवर पखाली, तोंडाला फडकी गुंडाळलेले बोटभर शिपाई. असे शिपाई मांडून आम्ही पटावर लढाई खेळायचो, त्यात दादा कायम समोर असायचा. तो मस्कतला गेला आणि मी वाळवंट करत बसले. खाली गोदेची वाळू चिकटवली, असं फोनवर सांगितलं तर हसला. "काळी वाळू? अगं, इथली भाजलेल्या रव्यासारखी असते."

म्हणून आज रवाच भाजला, बदामी होईपर्यंत. असंच दिसत असेल का त्याला रोज?

वासानं आई आत आली. "शिरा करतेयस? दादा येतोय का?"

तो यायचा असला की घरात शिरा होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "नाही गं," म्हणाले. तरी ती कढईपाशी उभीच.

उंटांच्या पायांपुरता रवा बाजूला काढला. उरलेल्यात तूप घातलं.