मी न लिहिलेले सूर

म्युनिक, ४ फेब्रुवारी १९५२

आज भलतंच घडलं!

डोंगरातल्या प्रेमकथेचं रेकॉर्डिंग होतं. पडद्यावर नायिका गुरं हाकतेय, खाली वाद्यवृंद माझा वॉल्ट्झ, तीन मात्रांची नाचाची धून, वाजवतोय. सुरावट संपली, सगळे थांबले — आणि म्हातारा उलिग, हॉर्नवाला, पुढे वाजवतच राहिला! ते सूर मी लिहिलेच नव्हते. मग दचकला, हॉर्न खाली घेतला. "माफ करा साहेब, ओठांना सवय."

कसली सवय, ते माझं मला कळलं. बेचाळीस साली नाझींच्या युद्ध-बातमीपटासाठी मी सैनिकांचं कूचगीत रचलं होतं. त्याचीच पुढची ओळ! लय संथ केली, चाराच्या तीन मात्रा केल्या — आणि मला वाटलं, नवं सुचलं. शपथ, कळलंच नाही. गाढव आहे मी!

५ फेब्रुवारी

युद्धानंतर अमेरिकनांनी, नाझींसाठी कुणी काय काय केलं ते विचारणारा लांबलचक फॉर्म सगळ्यांकडून भरून घेतला. प्रचारपटांना संगीत? — 'नाही', असं लिहून खाली सही केली. उघडकीला आलं तर काम गेलंच. कदाचित तुरुंगही.

इर्मगार्ड म्हणते, "दहा वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतंय? जेव मुकाट्यानं." नवऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही, हिचं आपलं जेव जेव!

७ फेब्रुवारी

उलिगला जिन्यात गाठलं. "कुणाला बोललात का?"

म्हातारा हसला. "मी कशाला बोलू? ते वाजवायला मी होतोच कुठं! माझ्या फॉर्मात तेव्हा मी आजारी होतो."

धीर आला? छे! उरलेल्या चाळीस जणांनाही कान आहेत.

८ फेब्रुवारी

दार वाजलं. दिवा मालवला, मग फटीतून पाहिलं. पोस्टमन होता.

११ फेब्रुवारी

दुसरा वॉल्ट्झ लिहिला. भिकार आहे, पण गळ्याला फास तरी नाही. उद्या निर्मात्यांना, ब्रांडनरना, सांगतो — जुना काढा. का म्हणून विचारलं तर खरं सांगून मोकळा होतो. देवा, मोकळा तरी होऊ दे.

१२ फेब्रुवारी

सगळं सांगितलं, फॉर्मासकट. ब्रांडनरनी शांतपणे सिगार पेटवला.

"झालं? काल वितरकांना तुझ्या त्या वॉल्ट्झचं रीळ दाखवलं. खुर्चीत बसल्या बसल्या सगळे पायानं ठेका धरत होते. अरे ओटमार, तुझं ते कूचगीत मला तोंडपाठ आहे. म्हणून तर तुला बोलावलं!"

आणि आणखी तीन चित्रपटांचा करार पुढे सरकवला. मी सही केली. वर 'उपकार झाले' म्हणालो. मी!