केरबाची पाठ

मंगळवार, १४ एप्रिल १९८७

माझ्या वॉर्डात कुणाची पाठ चिघळत नाही! चार वर्षं झाली, एकसुद्धा नाही. आज डॉक्टरांनी हे सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. मी मान खाली घालून कापसाचे बोळे वळत राहिले, जसं काही ऐकलंच नाही. ऐकलं होतं. आणखी एकदा म्हणाले असते तरी चाललं असतं.

निमित्त नव्या पेशंटचं. केरबा — खाणीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, गडहिंग्लजकडचा, वय अठ्ठावीस. गेल्या आठवड्यात खनिज भरलेला ट्रक उलटला, कणा मोडला. पणजीला दाखवून झालं. कमरेखाली काही कळत नाही, यापुढेही कळणार नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "असे पेशंट कण्यानं नाही, पाठीच्या जखमांनी जातात, सिस्टर. घरी जिवंत पाठवायचा तर तो तुमच्या हातात."

मी म्हटलं, पाठवते.

शुक्रवार, १७ एप्रिल

दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, पाठ, उजवी. सांगायला सोपं! चोवीस खाटा आणि आम्ही दिवसाला दोघी. म्हणजे बायकोला शिकवणं आलं.

बायको मंगल. बावीसची असेल. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नवऱ्याला हात लावायलाच घाबरते. "मोडल्यालं मानूस हाय बाई, आनि मोडंल." शेवटी रिकाम्या खाटेवर मीच आडवी झाले आणि म्हटलं, मला वळव. एक हात खांद्याला, एक कमरेला — ओढायचं नाही, लोटायचं! नेमक्या तेव्हाच मेट्रन दारात. "कितें गो, आयज तूंच दुयेंत?" म्हणे आज मीच पेशंट! सगळा वॉर्ड हसला. मंगलसुद्धा हसली, पहिल्यांदाच. मग तिनं मला असं काही वळवलं की मी खाटेवरून पडता पडता राहिले.

बुधवार, २२ एप्रिल

तिला घड्याळ कळत नाही. दोन दिवस काटे दाखवून घसा कोरडा केला. मग म्हटलं, कान तर आहेत ना!

सातला खाणीचा भोंगा. नऊला साखळी गावची बस. अकराला भोंगा. एकला परत बस. तीनला भोंगा. पाचला पोदेर पाव घेऊन येतो, त्याच्या सायकलचा भोंपू. सातला पुन्हा भोंगा. रात्री भिकाजी उठवतो. तो आमचा अटेंडंट, पेडण्याचा. झोपेत बोलतो पण वेळ चुकवत नाही.

मंगलनं एका दमात पाठ म्हणून दाखवलं. नर्सिंग कॉलेजात कुणी हे शिकवलं नव्हतं. माझी मीच शोधून काढलेली युक्ती!

सोमवार, ४ मे

वीस दिवस. पाठ तान्ह्या मुलासारखी स्वच्छ.

रविवार, १० मे

मेट्रन म्हणाल्या, कूस बदलण्याचा फलक भिंतीवर लाव, सगळ्यांच्याच नातेवाइकांना उपयोग होईल. लावते म्हटलं. तर लगेच — कोंकणीत की मराठीत? फेब्रुवारीत राजभाषेचा कायदा झाल्यापासून जिथं तिथं हेच. भिकाजी म्हणतो कोंकणी, कारकून म्हणतो मराठी. दुपारी दोघांचं चांगलंच वाजलं. आईशी कोंकणीत भांडणारी आणि मराठीत रोजनिशी लिहिणारी मी तिथंच उभी होते, मला कुणी विचारलंही नाही.

अक्षर न लिहिता चित्रंच काढली. तीन माणसं — एक डाव्या कुशीवर, एक उताणा, एक उजव्या कुशीवर. शेजारच्या खाटेवरचे गोकुळदास, सर्वण गावचे म्हातारे शेतकरी, मांडीचं हाड मोडून पडलेत, बराच वेळ बघत होते. "हो मदलो मेला कितें गो?"

मधल्याचे डोळे उघडे केले.

रविवार, ३१ मे

काल गोवा राज्य झालं. मला सुट्टी होती. मयेहून आईला घेऊन डिचोलीत मिरवणूक बघायला गेले. संध्याकाळी उगाचच वॉर्डात डोकावले — खरं सांगायचं तर नवी साडी दाखवायला.

केरबाला वळवून बघितलं. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. अंगठ्यानं दाबला. लाली हटेना.

भर वॉर्डात मंगलवर ओरडले. दिवसभर काय करत होतीस? नवरा जड झाला काय? काय काय बोलले, आता लिहवत नाही. ती भिंतीला टेकून उभी. शेवटी म्हणाली, "भोंगाच झाला न्हाई, बाई."

राज्याची सुट्टी! खाण बंद. साखळीच्या बसगाड्या सोहळ्याला गेलेल्या. पोदेर आला तेव्हा कुठं तिनं त्याला वळवलं. पहाटे पाचपासून संध्याकाळी पाचपर्यंत तो एकाच अंगावर! ड्युटीवर माझ्या जोडीची सिस्टर वर्षा एकटी, ती एका पेशंटच्या बाळंतपणात अडकलेली.

"अगं पण तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. म्हनलं आज दिस मोठा हाय."

घरी येऊन जेवले नाही. चूक तिची नाही. मी तिला भोंगा शिकवला, पाठ शिकवली नाही. आणि वर शेखी मिरवत होते!

गुरुवार, ४ जून

डाग गेला!!

चार दिवस, चार रात्री त्याला पाठीवर टेकू दिला नाही. जीव भांड्यात पडला. मंगलची माफी मागितली. ती बिचारी उलट घाबरली, "अशानं मला पाप लागंल" म्हणाली.

आता नव्यानं शिकवणी. टाच, घोटा, खुबा, माकडहाड — वळवताना रोज हात फिरवायचा. लाल दिसलं तर अंगठा दाबायचा. पांढरं पडून परत लाल झालं तर ठीक. लालच राहिलं तर त्या अंगावर निजवायचं नाही आणि मला हाक मारायची. भोंगा वाजो न वाजो. चादरीला सुरकुती नको, ओल नको. सगळं तिच्याकडून वदवून घेतलं आणि करूनही घेतलं. नुसती मान डोलावलेली आता मला चालत नाही.

शुक्रवार, १९ जून

मंगल गोकुळदासांच्या सुनेला शिकवत होती! मी दाराआड उभी राहून ऐकलं. एकीची बोली आडदांड कोल्हापुरी, दुसरीची कोंकणी, पण अडत काही नव्हतं. "वडू नगं, लोट!" माझेच शब्द. डोळ्यांत पाणी आलं, उगाच कशाला नाकारू.

बुधवार, १ जुलै

पणजीहून तपासणीला साहेब आले. माझ्याशी बोलायचं सोडून थेट मंगलकडे. कूस का बदलायची? नाही बदलली तर काय होतं? तिनं पदर खोचला आणि धडाधड सांगितलं. साहेब माझ्याकडे बघून हसले — "चांगली पढवून ठेवलीय."

मंगल म्हणाली, "पढिवलं न्हाई, सायेब. हात लावून बगा."

आणि साहेबांनी खरंच हात लावून बघितला! गेल्यावर मेट्रन म्हणाल्या, "कितें शिकयलां गो तुवें तिका!" भिकाजीनं चहा आणला, न मागता. आज मला कुणीही हरभऱ्याच्या झाडावर चढवावं, मी खुशाल चढेन.

मंगळवार, १४ जुलै

केरबा घरी गेला. बरोबर तीन महिने आणि अंगावर एक ओरखडा नाही. डॉक्टरांना म्हटलं, बघा, पाठवला! ते म्हणाले, मोठ्या इस्पितळातसुद्धा अशी पाठ राहत नाही.

जीपमध्ये चढवताना केरबा म्हणाला, "सिस्टर, माजी पाट मला कदी दिसली न्हाई, पर सायबापतोर समदी बगून गेली." मंगल पाया पडायला वाकली, मी तिला उठवून मिठीच मारली. युनिफॉर्मची इस्त्री गेली.

आजवर केलेल्या कामात हे सगळ्यात मोठं. असं वाटतंय, आणि वाटू दे.

सोमवार, ५ ऑक्टोबर

केरबाच्या गावचा अविनाश, ट्रकवरच असतो, आज मुद्दाम येऊन गेला. केरबा गेला. पंधरा दिवस झाले. थंडी वाजून ताप, लघवीतून पू, चार दिवसांत खेळ संपला. लघवीची नळी इथून जाताना घातलेली, तीच होती — दोन महिने कुणी बदलली नाही. पिशवी भरली की ओतायची, एवढंच मंगलला ठाऊक.

मंगलचा निरोप: "सिस्टरबाईंस्नी सांगा, पाटीवर एक सुदीक डाग नव्हता."

वही पहिल्या पानापासून वाचून काढली. पाठ, पाठ, पाठ. नळी हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहितेय.